तिसरी घंटा कधी द्यायची?

‘फाय लिंक नेव्हर केम अप’, म्हणजे ‘लिंक जुळलीच नाही’. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमधली ही ओळ ज्यांनी रात्री आठ वाजता, ऑफिसातला एसी बंद झाल्यावर वाचली आहे, त्यांना इथे फारसं नवीन काही मिळणार नाही. हा लेख बाकीच्यांसाठी आहे. कॉम्प्युटर रोज वापरता, आत एसएसडी असते हे ऐकून आहात, पण ती एसएसडी ‘दिसते’ म्हणजे नेमकं काय होतं हे कधी कुणी सांगितलेलं नाही, अशांसाठी.

महापे एमआयडीसीत आमच्या टेबलावर यंदा पावसाळ्यात एक बोर्ड बरेच दिवस पडून होतं. त्याचा आजार विचित्र होता. सकाळी येऊन चालू केलं की एसएसडी गायब. रिबूट केलं की हजर. दिवसभर कितीही वेळा रिबूट करा, हजरच. जेवायला जाताना वायर काढून ठेवली आणि परत आल्यावर लावली, की पुन्हा गायब. शेजारच्या टेबलावर तेच बोर्ड होतं, एसएसडी मात्र दुसऱ्या कंपनीची, आणि तिथे कधीच काही बिघडत नव्हतं. अशा वेळी पहिला संशय सुट्या भागावर जातो. एसएसडी बदला आणि मोकळे व्हा! आम्हीही आधी तेच केलं. मग कुणीतरी आठवण करून दिली की गिऱ्हाईक कुठली एसएसडी लावणार ते आपल्या हातात नाही, आणि आम्ही मूळ पदावर आलो.

एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, वायफायचं कार्ड ही मंडळी प्रोसेसरशी ज्या वाटेने बोलतात तिचं नाव पीसीआय एक्सप्रेस. कर्नलमध्ये तिला अजून ‘बस’च म्हणतात, पण तो शब्द जुन्या काळचा. १९९० च्या दशकातली साधी पीसीआय खरोखर बस होती. शेजारीशेजारी ३२ तारा, ३३ मेगाहर्ट्झचं एक घड्याळ आणि सगळी कार्डं त्याच तारांना लटकलेली. कार्ड खोचलं की जोडलं गेलं. लिंक ‘जुळणं’ हा प्रकारच तिथे नव्हता. २००३ च्या सुमारास पीसीआय एक्सप्रेस आली आणि तिने हा वाडा मोडून प्रत्येकाला स्वतंत्र ब्लॉक दिला. आता प्रत्येक कार्डाची प्रोसेसरशी आपली वेगळी जोडणी असते. जायला तारांची एक जोडी, यायला एक जोडी, अशा दोन जोड्यांची मिळून एक लेन. हल्लीच्या एसएसडीला सहसा चार लेन असतात. अगदी सगळ्यात सावकाश वेगातसुद्धा एका लेनवरून सेकंदाला अडीचशे कोटी बिट धावतात.

त्या वेगात बिटांच्या बरोबरीने वेगळ्या तारेवरून घड्याळ पाठवून भागत नाही. तारेची लांबी जराशी कमीजास्त झाली तरी हिशेब चुकतो. म्हणून समोरच्याने येणाऱ्या बिटांच्या चढउतारावरूनच ठेका ओळखायचा असतो. ठेका सापडला तरी सम कुठे आहे ते सापडत नाही. बिटांचे दहा-दहाचे गट करून पाठवलेले असतात, तो गट कुठे सुरू होतो ते शोधायचं. मग लेन किती, पहिली कुठली, दोघांना जमेल असा वेग कोणता, हे ठरवायचं. एवढं झाल्याशिवाय कामाचा एक बिटही पलीकडे जात नाही. या सगळ्या जुळवाजुळवीला लिंक ट्रेनिंग म्हणतात.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा, कारण निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात. ही जुळवाजुळव ड्रायव्हर, म्हणजे ही जोडणी सांभाळणारं कर्नलमधलं सॉफ्टवेअर, करत नाही. ती दोन्ही टोकांची हार्डवेअर आपापसात करतात. त्यासाठी दोन्हीकडच्या चिपमध्ये एक यंत्रणा कोरलेली असते. तिचं लांबलचक नाव लिंक ट्रेनिंग अँड स्टेटस स्टेट मशीन, आणि बोलताना सगळे एलटीएसएसएम म्हणतात. तिच्या ११ अवस्था आहेत. सॉफ्टवेअरला त्यात तोंड घालायला जागा जवळपास नाही.

मग ड्रायव्हर काय करतो? वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात किंवा ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये कधी विंगेत उभे राहिला असाल, तर घंटा देणारा माणूस पाहिला असेल. तो नाटकात काम करत नाही. पण दिवे लागले का, मंडळी तयार आहेत का, हे बघून पहिली, दुसरी, तिसरी घंटा तोच देतो. तिसरी झाली की पडदा वर, आणि पुढचं सगळं नटांच्या हातात. ड्रायव्हर म्हणजे हा माणूस. त्याची पहिली घंटा म्हणजे कार्डाला वीज देणं. दुसरी म्हणजे १०० मेगाहर्ट्झचं संदर्भ-घड्याळ सुरू करणं. तिसरी म्हणजे रिसेट सोडणं. रिसेटची एक स्वतंत्र तार कार्डापर्यंत गेलेली असते, तिला पर्स्ट म्हणतात. ती खाली धरली आहे तोवर कार्ड गप्प बसतं, वर सोडली की कामाला लागतं. त्यानंतर ड्रायव्हर कंट्रोलरला, म्हणजे लिंकच्या प्रोसेसरकडच्या टोकाला, ‘चल, सुरू कर’ म्हणतो आणि लिंक जुळली का ते पुन्हा पुन्हा डोकावून बघतो. बऱ्याच चिपांचे ड्रायव्हर कर्नलमधला एक सामायिक कोड वापरतात. तो सुमारे ९० मिलिसेकंद थांबून एकदा, असं दहा वेळा डोकावतो. दहाव्यांदाही काही नसेल तर तो लेखाच्या सुरुवातीची ओळ लॉगमध्ये लिहून मोकळा होतो.

आता रंगमंचावर जाऊ.

पहिली अवस्था डिटेक्ट. समोर कुणी आहे का, एवढाच प्रश्न. तो सोडवण्याची रीत मला पहिल्यांदा वाचली तेव्हापासून आवडते. प्रत्येक तारेत मध्ये एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो, शंभर-दोनशे नॅनोफॅरडचा. पाठवणारा त्या तारेवरचा व्होल्टेज अचानक थोडा बदलतो आणि तार किती वेळात भरते ते बघतो. समोर कार्ड नसेल तर भरायला फारसं काही नसतंच, त्यामुळे व्होल्टेज झटकन चढतो. समोर कार्ड असेल तर त्याच्या आतल्या रोधातून तो कपॅसिटरही भरावा लागतो आणि व्होल्टेज रमतगमत चढतो. थोडक्यात, उशीर लागला म्हणजे घरात कुणीतरी आहे. दार वाजवल्यावर ‘आले, आले’ ऐकू यावं तसं.

दुसरी अवस्था पोलिंग. इथे दोघेही एक ठरावीक मजकूर पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. किमान १०२४ वेळा तरी पाठवायचाच असतो. त्यावरून समोरचा ठेका आणि सम पकडतो. यासाठी मुदत २४ मिलिसेकंदांची. तिसरी अवस्था कॉन्फिगरेशन, तिथे लेनचे क्रमांक ठरतात. चौथीचं नाव एल झिरो, म्हणजे लिंक जुळली. कार्ड कितीही नवीन असो, पहिली जुळणी सगळ्यात सावकाश वेगातच होते. वेग वाढवायचा तर त्यानंतर दोघे रिकव्हरी नावाच्या अवस्थेत जाऊन वरच्या वेगात पुन्हा सूर लावतात. बाकीच्या अवस्था झोपायच्या, उठायच्या आणि तपासणीच्या. त्यात आपण शिरायला नको. फक्त पोलिंगची एक पोटअवस्था पुढे येईल.

आमच्या टीममध्ये नुकताच लागलेला एक मुलगा आहे, हुशार आणि उतावळा. त्याने पहिल्याच दिवशी रिसेट सोडल्यानंतर पाचशे मिलिसेकंदांचा थांबा टाकला. फरक पडला नाही. दोन सेकंद टाकले, तरी नाही. मग कंटाळून त्याने तीच ओळ रिसेट सोडण्याच्या आधी नेली आणि ओरडला, “मॅडम, चाललं! पाचशे टाकलं की चालतं.”

“का चालतं?”

“ते माहीत नाही. पण चालतं.”

ड्रायव्हरच्या जगात ‘थोडा वेळ थांबून बघू’ हे औषध सगळीकडे चालतं, आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. थांबा टाकल्यावर बरं वाटलं तर आजार वेळेचा आहे एवढंच कळतं. कुठल्या वेळेचा, ते नाही. पीसीआय एक्सप्रेसमध्ये तर मौज अशी, की शंभर हा आकडा तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. कार्डाची वीज स्थिर झाल्यापासून रिसेट सोडेपर्यंत किमान १०० मिलिसेकंद जाऊ द्यायचे. घड्याळ स्थिर झाल्यापासून रिसेट सोडेपर्यंत किमान १०० मायक्रोसेकंद. आणि रिसेट सोडल्यापासून कार्डाला पहिला प्रश्न विचारेपर्यंत पुन्हा १०० मिलिसेकंद. या शेवटच्याला एक पोटनियम आहे. लिंकची क्षमता ५ गिगाट्रान्सफरच्या, म्हणजे लेनमागे सेकंदाला ५०० कोटी बिटांच्या, वर असेल तर हे शंभर रिसेटपासून मोजायचे नाहीत, लिंक जुळल्यापासून मोजायचे.

मी आमचा ड्रायव्हर उघडला. वीज चालू करायची ओळ होती. पुढच्या ओळीत शंभर ते दोनशे मायक्रोसेकंद थांबायचं. त्यापुढे रिसेट सोडायचा. आणि वर कुणीतरी टिप्पणी लिहून ठेवली होती: स्पेसिफिकेशनप्रमाणे शंभर. एकक लिहिलेलं नव्हतं.

मायक्रो आणि मिली यांत हजारपटीचा फरक. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने घड्याळाचा नियम नीट पाळला होता आणि विजेचा नियमही तोच असं समजून पुढे गेला होता. पण नुसता कोड वाचून हे म्हणणं म्हणजे पत्रिका बघून ताप सांगण्यासारखं. हार्डवेअर लॅबमधल्या काकांकडे गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, “सप्लाय बघितलास का आधी?” नव्हता बघितला. आम्ही सॉफ्टवेअरवाले सप्लाय बघतच नाही, तो असतोच असं धरून चालतो.

स्कोपचे, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचे, दोन प्रोब लावले, एक कार्डाच्या ३.३ व्होल्टच्या तारेवर, दुसरा पर्स्टवर. (कर्नलमध्ये ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या फंक्शनलाही प्रोबच म्हणतात. ‘प्रोब फेल झाला’ म्हटल्यावर काका दोनदा नवीन केबल घेऊन आले आहेत.) बोर्ड चालू केलं आणि पडद्यावर सगळं स्वच्छ दिसलं. विजेची पिवळी रेषा तिरकी चढते आहे, जेमतेम सव्वा व्होल्टवर पोचली आहे, आणि पर्स्टची निळी रेषा केव्हाच वर गेलेली आहे. नट मेकअपला बसलाय आणि तिसरी घंटा होऊन गेली.

वीज ‘चालू केली’ आणि वीज ‘आली’ यात काही मिलिसेकंदांचं अंतर असतं, ते असं. मधला स्विच हळूहळू उघडतो, कपॅसिटर भरतात. बोर्डाच्या वर्णनाची जी फाइल कर्नलला दिलेली असते, जिला डिव्हाइस ट्री म्हणतात, तिच्यात हा चढायचा वेळ लिहिला नसेल तर कर्नल ‘चालू केली’ म्हणून लगेच परत येतो. आमच्या फाइलमध्ये लिहिलेला नव्हता. आणि समजा लिहिलेला असता, तरी नियमातले शंभर त्याच्या पुढे मोजायचे असतात.

मग रिबूट केल्यावर एसएसडी का दिसत होती? कारण रिबूटमध्ये ३.३ व्होल्टचा पुरवठा बंदच होत नव्हता. ड्रायव्हर दुसऱ्यांदा तीच चुकीची घाई करत होता, पण या वेळी वीज आधीपासून स्थिर होती, त्यामुळे घाई पचून जात होती. शेजारची एसएसडी वीज स्थिर होईपर्यंत आतल्या आत स्वतःच थांबत होती. तिच्यामुळे आमची चूक झाकली जात होती. आमचीवाली एसएसडी मात्र अर्ध्या विजेवर रिसेट सुटला की कायमची अडकून बसायची, म्हणून नंतर दोन सेकंद थांबूनही काही होत नव्हतं.

एलटीएसएसएम कुठल्या अवस्थेत आहे ते कंट्रोलरच्या एका रजिस्टरात, म्हणजे चिपमधल्या एका छोट्या नोंदकप्प्यात, वाचता येतं. ते आम्ही सगळ्यात शेवटी वाचलं. सगळ्यात आधी वाचायला हवं होतं. तिथे दिसलं पोलिंग कम्प्लायन्स. मघाशी म्हटलं ती पोटअवस्था हीच. प्रयोगशाळेत कंट्रोलरच्या लहरींची शुद्धता तपासायची असते तेव्हा समोर कार्ड नसतं, मापनयंत्र असतं. यंत्राच्या टोकाला योग्य रोध असतो, म्हणून डिटेक्ट म्हणतं ‘कुणीतरी आहे’. पण यंत्र बोलत नाही. २४ मिलिसेकंद वाट बघून कंट्रोलर ठरवतो की हे कार्ड नव्हे, हे तपासनीस दिसतात, आणि तो चाचणीच्या लहरी पाठवायला लागतो. आमची अर्धवट जागी एसएसडी नेमकी अशीच होती. दारात उभी, पण तोंडातून शब्द नाही. कंट्रोलर बिचारा तिला परीक्षक समजून परीक्षा देत बसला होता.

कुठे अडकलं यावरून कुठे बघायचं ते बरंचसं कळतं. डिटेक्टच्या पुढेच जात नसेल तर कार्डाला वीज नाही, रिसेट सुटलेला नाही, किंवा सोल्डरिंग सुटलंय. पोलिंगमध्ये अडकलं तर घड्याळ, तारांची गुणवत्ता, नाहीतर आमच्यासारखी घाई. कॉन्फिगरेशनमध्ये अडकलं तर लेनची संख्या आणि क्रम तपासा. एल झिरोला जाऊन पुन्हा पुन्हा रिकव्हरीत पडत असेल तर वरचा वेग झेपत नाही. अशा वेळी डिव्हाइस ट्रीमध्ये कमाल वेग एक नंबरवर, म्हणजे सगळ्यात सावकाश, बांधून बघायचा. तेवढ्याने लिंक टिकली तर आपल्या कोडकडून लक्ष काढून काकांकडे जावं. लिंक जुळली पण चारऐवजी एकाच लेनवर किंवा कमी वेगात, हा तर सगळ्यात गुपचूप राहणारा आजार. सगळं चालतं, फक्त हळू. एलएसपीसीआय ही आज्ञा तपशिलात चालवली तर अशा लिंकपुढे ‘डाउनग्रेडेड’ असं लिहून येतं, पण ती चालवतो कोण?

लिंक जुळलेली नसताना कार्डाला प्रश्न विचारला तर काय होतं, हेही सांगायला हवं. भल्या चिपवर उत्तरात सगळेच्या सगळे बिट एक येतात, म्हणजे ‘इथे कुणी राहत नाही’. काही चिपांवर मात्र प्रोसेसरच दचकतो आणि अख्खं कर्नल कोसळतं. म्हणून नीट लिहिलेला ड्रायव्हर प्रत्येक प्रश्नाआधी लिंक आहे ना हे बघतो. बघून प्रश्न विचारायच्या आत ती तुटली तर काय, असं विचारणाऱ्यांशी मी सहमत आहे. तशी फट राहतेच.

आमचा मूळ दोष सापडल्यावर दुरुस्ती सोपी होती. वीज आणि रिसेट यांच्यामध्ये १०० मिलिसेकंद, आणि त्यासाठी कर्नलमध्ये आधीपासून असलेलं नाव वापरायचं, नुसता आकडा नाही. मुलाचे पाचशे काढले. पण तो पॅच टाकल्यावर नव्या आवृत्तीचं बोर्ड आलं आणि त्यावर लिंक अजिबातच जुळेना, गार (वीज तोडून पुन्हा लावल्यावर) नाही आणि गरम (नुसत्या रिबूटवर) नाही.

हा घोळ वेगळा आणि फार जुना. रिसेटची तार खाली असते तेव्हा रिसेट लागू असतो, म्हणजे उलटी. हे डिव्हाइस ट्रीमध्ये सांगून ठेवायचं, मग ड्रायव्हरने फक्त ‘रिसेट लाव’, ‘रिसेट काढ’ एवढंच म्हणायचं. तार वर की खाली, हे कर्नल बघून घेतं. आमच्या जुन्या फाइलमध्ये तार सुलटी लिहिलेली होती, आणि ड्रायव्हर ‘लाव’ म्हणायच्या जागी ‘काढ’ म्हणत होता. दोन चुका एकमेकींना सांभाळून नांदत होत्या. नव्या बोर्डाची फाइल लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे तार उलटी लिहिली आणि संसार मोडला. त्याला बोलणारे बरेच निघाले. खरं तर त्या दिवसात बरोबर लिहिणारा तो एकटाच. ड्रायव्हर सुधारला, जुन्या फाइलीही सुधारल्या. आमची बोर्डं आमच्याच ताब्यात होती म्हणून हे जमलं. जुनी फाइल घेऊन लोक आधीच घरी गेले असतील तर नवं कर्नल त्यांच्याकडेही चालायला हवं, आणि मग चूक कायमची पोसावी लागते.

राहिली तपासणी. काकांनी एका रिलेवर बोर्डाची वीज लावून दिली. आपोआप बंद, दोन सेकंदांनी चालू, एसएसडी दिसली का ते लिहून ठेव, पुन्हा बंद. संध्याकाळी लावून मी घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडली. सकाळी येऊन बघते तो सहाशेपैकी सहाशे पास. मुलाने पेढे आणायची तयारी केली. मी म्हटलं, “थांब. जुना ड्रायव्हर टाक आणि तीच चाचणी लाव.”

तोही पास! पन्नासपैकी पन्नास.

स्कोप पुन्हा लावला. दोन सेकंद बंद ठेवून ३.३ व्होल्टची तार शून्यावर येतच नव्हती, कपॅसिटरमध्ये दीड-दोन व्होल्ट शिल्लक राहत होते आणि पिवळी रेषा तिथूनच पुढे चढत होती. आम्ही रात्रभर कोमट बोर्डाला गार समजून तपासत होतो. बंद ठेवायचा वेळ वीस सेकंद केला. जुना ड्रायव्हर पहिल्याच फेरीला पडला, दुसऱ्याला पडला, तिसऱ्यालाही पडला. मग नवा लावला आणि रिले रात्रभर टकटकत राहिला.